मेणातला बा

नागपूर, ८ ऑगस्ट २०१०

खुशालदादा, जय सेवा.

फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते, "ते धानाच्या बांधीत गेले" म्हणते, आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. म्हणून हे पत्र. हातात आलेला लिहिलेला कागद तू वाचल्याशिवाय ठेवत नाहीस, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बाजारातून भजी बांधून आणलेला पेपरही तू तेल पुसून वाचायचास.

आधी कामाचं. सोबत एक छापील कागद आहे, त्यावर तुझी सही हवी. बाच्या यकृतातली गाठ ऑपरेशनमध्ये काढली, तिचा एक तुकडा आमच्या संस्थेत ठेवलेला आहे. त्यावर पुढे काम करायला घरच्यांची हरकत नाही, एवढंच त्यात लिहिलंय. माझी सही चालत नाही, कारण काम करणारी मीच. मायला विचारलं तर ती म्हणते, खुशाल म्हणेल ते.

तुझा राग मला कळतो, पण पटत नाही. गेल्या दिवाळीत मी घरी येऊन सांगितलं, की बाचा तुकडा मी काम करते त्याच ठिकाणी निघाला. मला वाटलं होतं तुम्हाला बरं वाटेल. तू ताटावरून उठलास. अरे, कोणी चोरून ठेवला नाही. गाठ कोणाचीही असो, तिचा तुकडा सडू नये म्हणून मेणात बसवतात आणि वर्षानुवर्षं जपून ठेवतात. बाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी या संस्थेत नव्हतेही, कॉलेजात शिकत होते.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. बा गेल्यावर आपण बोडीवर, गावच्या तळ्यावर गेलो. चुन्नीलालकाका आपले भुमका, देवाचं करणारे; त्यांनी बाला हाक मारली आणि लोटा बुडवला. मासोळी, झिंगा, पाणकिडा, जो जीव लोट्यात येईल तो बा समजून घरी आणायचा आणि देवांत बसवायचा. नुसतं पाणी आलं. पुढच्या वर्षीही नुसतं पाणी. बा देवांत बसला नाही, म्हणून माय नवं धान खात नाही. सगळं घर नव्या तांदळाचा भात खातं आणि तिच्यापुरता जुना तांदूळ वेगळ्या ढोलीत राहतो. आणि दिवाळीत माझं बोलणं ऐकून तू तिला सांगितलंस, "बा तिकडं मेणात बंद आहे, म्हून येऊन नाई राहिला."

दादा, बोडीला पाणी कमी होतं तेव्हा. मासोळ्या मधल्या डोहात होत्या आणि काकांनी लोटा काठावर बुडवला. मला तरी एवढंच दिसलं.

सही करून पाठव. वेळ थोडा आहे. वहिनीला सांग, तुझा खोकला डॉक्टरला दाखव म्हणून.

संध्या


नागपूर, २ सप्टेंबर २०१०

दादा,

कागद परत आला. सहीच्या जागी काही नाही आणि मागच्या बाजूला तुझं अक्षर: "बाले आणून दे. मंग सही." वाह. सरपंचही इतकं कमी बोलत नाही.

तुकडा दिला तर सही कशावर घेऊ? आमच्या संस्थेच्या मॅडमनी विचारलं, भाऊ काय म्हणतो. मी म्हटलं, विचार करून राहिला आहे. खोटं बोलले, कारण तू काही विचार करत नाहीयेस. तू रुसून बसला आहेस.

तू कधीतरी म्हणशील, म्हणून मीच लिहून टाकते. चिरलं नसतं तर बा जगला असता, असं तुझ्या मनात आहे. तू त्याला प्रतापगडच्या दर्ग्याला घेऊन गेलास, मी नागपूरला आणलं. तू तिथं चादर चढवलीस, मी रक्ताच्या बाटल्यांसाठी धावले. दोघांनी मनापासून केलं आणि दोघांच्या हातून बा गेला. गावात काही लोक म्हणाले, मोहाची प्यायचा म्हणून लिव्हर गेलं. त्यांना मी तेव्हाच रिपोर्ट दाखवला होता. ती कावीळ रक्तातून येणारी होती, वर्षानुवर्षं आत दबून राहिलेली. म्हणूनच तुम्हा सगळ्यांना मी रक्त तपासायला लावलं आणि सुया टोचून घ्यायला लावल्या. त्या वेळी तू माझं ऐकलं होतंस.

आता मी काय करते ते नीट सांगते, म्हणजे तरी तुला कळेल तुकडा का हवा. प्रत्येक पेशीत काम करणारे पदार्थ असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. त्यातल्या एकाच्या मागे मी चार वर्षं लागले आहे. नाव लांबलचक आहे, ते जाऊ दे. पेशी म्हणजे आपलं घर समज. आत देवखोली, बाहेर सपरी आणि अंगण. या एन्झाइमचं काम अंगणातलं. निरोगी यकृतात तो अंगणातच दिसतो. पण काही गाठींमध्ये तो अंगण सोडून देवखोलीत जाऊन बसतो. किती आहे याला आमच्या अभ्यासात फार महत्त्व निघालं नाही. कुठं आहे याला निघालं. ज्यांच्या गाठीत तो आत गेलेला, त्यांची गाठ रक्ताच्या बारीक नळ्यांमध्ये शिरलेली असते, तिची कड फाटकी असते, बाजूला लहान पिल्लं असतात, आणि ती लवकर उलटून येते. ज्यांच्यात तो बाहेरच राहतो, त्यांची गाठ बरीच शांत असते.

आणि बाच्या तुकड्यात दोन्ही आहे. एका बाजूला तो बाहेर, दुसऱ्या बाजूला आत, आणि मधे ती सीमा, अगदी एका नळीच्या काठाशी. आमच्याकडच्या कुठल्याच तुकड्यात इतकी स्वच्छ सीमा नाही. तिथं अजून खोल कापत गेलं तर कळेल की आधी एन्झाइम जागा सोडतो आणि मग गाठ नळीत शिरते, की उलटं. आधी तो सरकत असेल, तर पुढच्या माणसाची गाठ नळीत शिरण्याआधी ओळखता येईल. त्या माणसाच्या घरात जुना तांदूळ वेगळा ठेवायची वेळ येणार नाही.

आता लपवत नाही. मेणात उरलेला बा थोडाच आहे. सीमा शेवटपर्यंत पाहायची तर सगळाच कापला जाईल. म्हणून नवी सही लागते.

संध्या


नागपूर, २० सप्टेंबर २०१०

दादा,

तुझं पत्र मिळालं. या वेळी पूर्ण पान लिहिलंस. मी ते डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच परत आणला.

तू लिहिलंस: "तुयं ते एन्झाइम इकडचं तिकडं गेलं त तू चार वर्स त्याले शोधून राहिली. आमचा बा तिकडं राहून गेला त आमी शोधाव नाई का? तू म्हणते कुठी आहे हेच मोठं. मी बी तेच म्हनून राहिलो."

हे मी दोनदा वाचलं. सारखी चिडत होते, ती चीड गेली. पण सही मागणं मी सोडलेलं नाही, हेही खरं.

एक गोष्ट दिवाळीत सांगितली नव्हती. आमच्या काचपट्ट्यांवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. कोणाची गाठ आहे आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, हे माहीत असलं तर डोळे हवं ते पाहतात. म्हणून सगळ्या पट्ट्या पाहून, काय दिसलं ते लिहून झाल्यावरच नंबरांची नावं उघडतात. त्या पट्टीवर मी आले तेव्हा मला ती सीमा दिसली. एका बाजूला पेशींची निळी केंद्रं, म्हणजे देवखोल्या, आणि भोवती एन्झाइमचा तपकिरी रंग, दुसऱ्या बाजूला केंद्रंच तपकिरी. मी सगळ्यांना हाका मारल्या. मॅडम आल्या, शेजारच्या खोलीतली पोरं आली. "किती सुंदर आहे पाहा," असं मी म्हणाले. आठवडाभर मी त्या पट्टीबद्दल बोलत होते. मग नावं उघडली. रेवाराम मडावी, वय अठ्ठावन्न, तालुका अर्जुनी मोरगाव.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि पुढचा नंबर उघडला. मॅडमना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी ते काम दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरवलं आणि मी नाही म्हटलं. कापायचाच असेल तर बाला मीच कापीन, परक्या हातानं नको, असं मला वाटलं. तुझ्यात आणि माझ्यात तेवढा तरी एक विचार सारखा निघाला.

तू लिहिलंस, मायला पाहायचं आहे. घेऊन ये. साकोलीवरून थेट बस आहे. मी स्टँडवर येते.

संध्या


नागपूर, १७ ऑक्टोबर २०१०

दादा,

तू फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाहीस. मायला माझ्या हाती दिलंस आणि कडुलिंबाखाली जाऊन बसलास. परत येताना माय काही बोलली नाही आणि तू काही विचारलं नाहीस, म्हणून आत काय झालं ते लिहिते. तुला माहीत असायला पाहिजे.

मॅडमनी मायला खुर्ची दिली. माय खाली बसली. मी तिच्या हातात तो मेणाचा ठोकळा दिला. काडेपेटीहून लहान, मधे बाचा तुकडा, नखाएवढा, फिक्कट. तिनं आधी वास घेतला. म्हणाली, "मधाचं मेण नोहे हे." मी म्हटलं, नाही, कारखान्यातलं आहे. ती बराच वेळ तो ठोकळा तळहातावर घेऊन होती. मग हसली. "जिंदगीभर पोळ्याचं मेण काढलन यानं," म्हणाली. "आता सोताच मेणात जाऊन बसला." मॅडम दुसरीकडे पाहत होत्या. मी रडले, दादा, सगळ्यांसमोर.

तिनं विचारलं, "कापते कशी, दाखव." बाच्या ठोकळ्याला हात लावायची हिंमत नव्हती. मी नुसत्या मेणाचा एक रिकामा ठोकळा यंत्रात बसवून दाखवला. पातं फिरलं की कांद्याच्या पातीहून पातळ चकती निघते. ती इतकी तलम असते की हातात धरता येत नाही. म्हणून आम्ही ती कोमट पाण्यावर सोडतो. ती पाण्यावर पसरते, सुरकुत्या जातात, आणि मग काचपट्टी पाण्यात तिरकी बुडवून तिला अलगद वर उचलायचं. मी हे रोज करते. कधी वेगळं काही मनात आलं नव्हतं.

माय त्या पाण्याकडे पाहत राहिली. मला वाटलं तिला कळलं नसेल. ती म्हणाली, "बाले असाच काढते का? पाण्यातून?"

मी हो म्हटलं.

"हाक मारते का?"

मी म्हटलं, नाही माय, इथं हाक मारत नाही. नंबर असतो.

तिनं ठोकळा माझ्या हातात परत दिला आणि आपल्या गोंडीत बोलली, म्हणजे मॅडमना कळू नये. तुला मराठीत सांगते. ती म्हणाली, तुझा बा पोळं काढायला चढायचा तेव्हा पूर्ण पोळं कधी कापून आणलं का त्यानं? वरचा हातभर भाग झाडाला ठेवून यायचा. माश्यांचा वाटा. त्याच्याबरोबरचे लोक हसायचे, अजून मध आहे म्हणायचे, तरी ठेवून यायचा. तू पण काप. ज्यांच्यासाठी कापायचं त्यांच्यासाठी काप. पण त्याला पूर्ण संपवू नको. वरचा भाग माझा.

मग म्हणाली, खुशालला सांग सही कर म्हणून. मी सांगणार नाही, तूच सांग.

तर मी सांगते आहे. सही कर. तुझ्या अटीच्या जागी मायनं तिची अट घातली आहे आणि मी तिला शब्द दिला. अभ्यास पुरा होवो न होवो, मी शेवटपर्यंत कापणार नाही. मॅडमना हे आवडलेलं नाही, पण त्यांनी मान हलवली.

तू कडुलिंबाखाली बसून काय पाहत होतास ते नंतर कळलं. सफाईवाली म्हणाली, "तुझा भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होता, आत ठेवतात तिथं खिडकी आहे का."

आहे, दादा. पूर्वेला आहे.

संध्या


नागपूर, २१ नोव्हेंबर २०१०

दादा,

सही मिळाली. पूर्ण नाव लिहिलंस, खुशाल रेवाराम मडावी, शाळेत लिहायचास तसं.

मी कापलं. प्रत्येक चकती पाण्यावर सोडताना मी मनात हाक मारली. मोठ्यानं नाही, बाजूला माणसं होती. तू हसशील. मॅडम म्हणाल्या, तुझे ओठ का हलतात. मी म्हटलं, चकत्या मोजते.

काय दिसलं ते सांगते. नळीच्या जवळ जवळ गेलो तसा एन्झाइम जास्त आत सरकलेला दिसला. एका चकतीत तर नळी अजून मोकळी होती आणि तिच्या काठच्या पेशींमध्ये तो आत जाऊन बसलेला होता. म्हणजे आधी तो सरकला असावा आणि गाठ नंतर शिरली असावी. मॅडम खुर्चीवरून उठल्या. पण एका चकतीवरून काही म्हणता येत नाही. त्याच जागी आणखी खोल जायला हवं होतं. पुढच्या चकत्यांमध्ये ते पक्कं झालं असतं, किंवा खोटं ठरलं असतं. आणि तेवढ्यात मेणात उरलेला बा पापुद्र्याएवढा राहिला.

मॅडमनी मला आज्ञा केली नाही. एवढंच म्हणाल्या, "संध्या, इतक्या जवळ आलोय." त्या वाईट नाहीत, दादा. त्यांचे वडीलही असेच गेले. मी यंत्राचं चाक हातात धरून उभी होते. मला पाहायचं होतं. खोटं कशाला बोलू, कापायची इच्छा झाली. मायला कधी कळलं नसतं. तुला तर नाहीच. मेणाचा ठोकळा मेणाचाच दिसतो, आत काही असो नसो.

मग मी पातं काढून ठेवलं.

निबंधात आम्ही लिहू की असं दिसतं, पण ऊतक अपुरं पडल्यामुळे खात्री करता आली नाही. कोणीतरी दुसरा, दुसऱ्या कोणाच्या गाठीत ते शोधेल. कधी, माहीत नाही. तोवर काही लोकांची गाठ ओळखायची राहून जाईल, याची टोचणी मला आहे आणि राहील. हे तुला सांगते कारण मायला सांगू शकत नाही.

उरलेला बा देण्याची परवानगी मिळाली आहे. नातेवाइकांनी मागितला तर देतात, अर्ज केला की झालं. इतकं सोपं होतं. तू पहिल्याच पत्रात "आणून दे" लिहिलंस तेव्हा मी विचारायलाही गेले नव्हते.

एक ठरवलं आहे, तुला चालतं का कळव. मी त्याला मेणातून काढून आणीन. भट्टीत ठेवलं की मेण वितळतं, घरी बा पोळ्याचं मेण वितळवायचा तसं, फक्त धूर नाही. मग तो मोकळा होईल. चुन्नीलालकाकांना विचार, कोणत्या कापडात बांधून आणू.

संध्या


नागपूर, २६ डिसेंबर २०१०

दादा,

रात्रीच्या गाडीनं पोचले. वहिनीनं दिलेले तांदूळ मॅडमना दिले, त्यांनी कपाळाला लावले.

तुला काही गोष्टी माहीत नाहीत, कारण बोडीवरून आम्ही घरी परतलो तरी तू बाकीच्या माणसांसोबत तिथंच जेवायला थांबलास. म्हणून लिहिते.

आधी तुला माहीत असलेलं. बाच्या नावाच्या दगडाजवळ मोहाखाली आपण खड्डा केला आणि पिवळ्या कापडातला तो पापुद्रा तू हातानं ठेवलास. मग बोडीवर. काकांनी हाक मारली, लोटा बुडवला. नुसतं पाणी. तू हाक मारलीस. नुसतं पाणी. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मला वाटलं, आता दादा माझ्याकडे पाहील. तू पाहिलंस. पण रागानं नाही. तू लोटा माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "तू बलाव. इतके साल तुयाजवळच व्हता."

मला हे पटत नाही, अजूनही नाही. लोट्यात काय येतं ते पाणी किती खोल आहे त्यावर ठरतं. म्हणून मी दोन पावलं आत गेले, जिथं शेवाळ होतं तिथं, कारण मला माहीत आहे जीव कुठं असतात. आणि मी हाक मारली. किती मोठ्यानं, ते तू ऐकलंस. गेल्या दोन महिन्यांत मनातल्या मनात मारलेल्या सगळ्या हाका त्यात असाव्यात. झिंगा आला. नखाएवढा, आरपार दिसणारा.

तो झिंगा आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि तो लोटा छातीशी धरून घरापर्यंत चालताना मी एकदाही मान वळवली नाही, कारण पाणी हिंदकळलं असतं.

आता तुला माहीत नसलेलं. काकांनी त्याला देवांत बसवल्यावर मायनं पदरानं डोळे पुसले आणि वहिनीला म्हणाली, भात टाक. वहिनी सवयीनं जुन्या ढोलीकडे गेली. माय म्हणाली, "तिकडं कायले जातेस? नवा काढ."

वहिनीनं नवा तांदूळ शिजवला. घाईत पाणी जास्त पडलं. आम्ही तिघी चुलीजवळ बसलो. मायनं आधी एक घास देवांपुढे ठेवला, मग स्वतः खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. मला वाटलं रडेल.

ती म्हणाली, "गिच्च झाला."

आणि सगळं ताट पुसून खाल्लं.

फोन उचलत जा.

संध्या